एकाच खेळाच्या दोन नोंदी

संगणकावरील खेळाची 'प्रादेशिक आवृत्ती' म्हणजे एखाद्या देशासाठी किंवा देशांच्या एखाद्या गटासाठी वेगळी तयार करून विकलेली त्या खेळाची प्रत होय. खेळाची मूळ रचना सर्वत्र तीच असते. परंतु भाषा, किंमत, प्रसिद्धीची तारीख, खेळाडूंना परस्परांशी जोडणारा दूरचा संगणक म्हणजे सर्व्हर, आणि पुष्कळदा पडद्यावरची दृश्येसुद्धा त्या त्या प्रदेशातील कायद्याप्रमाणे व बाजारपेठेप्रमाणे बदललेली असतात. १९९५ साली आलेल्या 'कमांड अँड कॉन्कर' या युद्धखेळाच्या जर्मन आवृत्तीत सैनिकांच्या जागी यंत्रमानव दाखवण्यात आले होते, कारण हिंसाचाराच्या चित्रणाबाबत जर्मनीतील नियम कडक होते. अशा दोन आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारी शेजारी बसवता येतात काय, आणि बसवल्यास एकीने दुसरीचा घास घेऊ नये म्हणून काय करावे लागते, हा प्रश्न वरवर खेळाडूंच्या हौसेचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी संगणक वस्तूंना ओळखतो कसा आणि भाषेला सामावून घेतो कसा, हे दोन मोठे विषय आहेत.

दूरचित्रवाणी संचाला जोडण्याच्या खेळयंत्रांवर ही सोय फारशी नव्हती. भारत व युरोप यांनी स्वीकारलेल्या 'पाल' पद्धतीत पडदा सेकंदाला ५० वेळा, तर जपान व अमेरिका यांच्या 'एनटीएससी' पद्धतीत सुमारे ६० वेळा रंगवला जाई, त्यामुळे एका पद्धतीसाठीचा खेळ दुसरीवर चालला तरी त्याचा वेग बदले. व्यक्तिगत संगणकाला असे कुलूप नाही. परदेशी असलेल्या नातेवाइकांबरोबर त्यांच्या सर्व्हरवर खेळायचे असते, एखाद्याला कोरियन शिकता शिकता त्याच भाषेत खेळायचे असते, तर एखादी जुनी सुधारणा फक्त इंग्रजी आवृत्तीवर चालते. अशा कारणांनी एकाच यंत्रावर दोन प्रती हव्या होतात.

पहिली अडचण नावाची आहे, आणि ती समजण्यासाठी भीमेच्या काठापलीकडे जाण्याची गरज नाही. शिरूर तालुक्यात रांजणगावे दोन आहेत, अष्टविनायकांपैकी एक असलेले रांजणगाव गणपती आणि भीमेकाठचे रांजणगाव सांडस. भीमा व मुळा-मुठा यांच्यामधल्या ज्या उसाच्या पट्ट्याला राहू बेट म्हणतात, तेथील माणूस पत्ता सांगताना नुसते 'रांजणगाव' म्हणून थांबत नाही, कारण पुढचा शब्द नसेल तर माणूस भलत्या गावी पोचतो. संगणकावरील जुन्या खेळांना हा पुढचा शब्द बहुधा दिलेलाच नव्हता. इंग्रजी प्रत असो की फ्रेंच, ती बसवणारी आज्ञावली (इन्स्टॉलर) एकाच नावाचा फोल्डर सुचवत असे. वापरणाऱ्याने न वाचता 'पुढे' हे बटण दाबले की दुसऱ्या प्रतीच्या फाइली पहिलीच्या फाइलींवर जाऊन बसत आणि शेवटी हाती राही ती धड इंग्रजी नव्हे, धड फ्रेंचही नव्हे अशी मिश्र प्रत.

फोल्डर वेगळा दिला तरी काम संपत नाही, कारण विंडोज या संगणक-प्रणालीत 'रजिस्ट्री' नावाचे एक मध्यवर्ती नोंदपुस्तक असते आणि कोणता कार्यक्रम कोठे बसला आहे, त्याची आवृत्ती कोणती, भाषा कोणती, याच्या नोंदी त्यात राहतात. ग्रामीण वाचकाला हे तलाठ्याच्या दफ्तरासारखे समजता येईल. गट नंबर एकच असताना नवा फेरफार मंजूर झाला, की सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो आणि नवे नाव चढते. दुसरी प्रादेशिक आवृत्ती बसवताना नेमके हेच घडते: दोन्ही आवृत्त्या रजिस्ट्रीतील एकाच नावाखाली नोंद करत असल्याने नवी नोंद जुनीची जागा घेते. पहिल्या आवृत्तीच्या फाइली डिस्कवर जागच्या जागी असतात, जमीन कोठे जात नाही. परंतु पुढे तिच्यासाठी सुधारणा, म्हणजे 'पॅच', बसवायला गेल्यास तो पॅच दफ्तरात पाहतो आणि दुसऱ्याच आवृत्तीच्या दारी जातो. खेळ काढून टाकतानाही तोच घोटाळा होतो, कारण एका आवृत्तीला निरोप देताना दोघींची सामायिक नोंद पुसली जाते.

यावरचा उपाय हिशेबाचा आहे. पहिली आवृत्ती तिच्या प्रदेशाचे नाव जोडलेल्या फोल्डरमध्ये बसवावी, तिच्या सर्व सुधारणा पूर्ण करून घ्याव्यात, रजिस्ट्रीतील तिची नोंद एका फाइलीत निर्यात करून जपावी, आणि त्यानंतरच दुसरी आवृत्ती निराळ्या फोल्डरमध्ये बसवावी. पुढे ज्या आवृत्तीला हात लावायचा असेल, तिची जपलेली नोंद आधी परत चढवावी. विंडोजमध्ये दोन स्वतंत्र वापरकर्ता-खाती उघडली तर काही खेळांपुरता प्रश्न आणखी सोपा होतो, कारण प्रत्येक वापरकर्त्याच्या नोंदींचा आणि कागदपत्रांचा विभाग वेगळा असतो. मात्र ज्या नोंदी संपूर्ण यंत्रासाठीच्या सामायिक विभागात जातात, त्यांना ही भिंत अडवत नाही. तेथे 'आभासी यंत्र' उपयोगी पडते, म्हणजे चालू संगणकाच्या आत आज्ञावलीने उभा केलेला दुसरा संगणक, ज्याचे दफ्तर संपूर्णपणे वेगळे असते. जुन्या, हलक्या खेळांना ते पुरते. भारी चित्रांच्या नव्या खेळांना पुष्कळदा पुरत नाही. 'स्टीम'सारख्या विक्रीमंचावर तर एका खात्यात एका खेळाची एकच प्रत धरली जाते आणि भाषा बदलली की मंच त्या भाषेच्या फाइली नव्याने उतरवतो. रोज दीड जीबीच्या मोबाइल डेटावर चालणाऱ्या घरात ५० जीबीचा खेळ पुन्हा उतरवायचा म्हणजे महिन्याहून अधिक दिवसांचे काम; म्हणून आधीच्या फोल्डरची नक्कल बाजूला काढून ठेवणे ही खेड्यातील वापरकर्त्यासाठी निकडीची गोष्ट ठरते.

खेळाडूने साठवलेली प्रगती, जिला 'सेव्ह' म्हणतात, तिचीही काळजी घ्यावी लागते. अनेक खेळ ही फाइल आपल्या फोल्डरमध्ये न ठेवता वापरकर्त्याच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवतात आणि दोन आवृत्त्या एकाच नावाने ती लिहीत असतील, तर महिनाभराची मेहनत एका रात्रीत पुसली जाऊ शकते. दुसरी आवृत्ती पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी तो फोल्डर अन्यत्र ठेवणे एवढेच येथे पुरेसे असते.

खरी गुंतागुंत भाषेची आहे, आणि मराठी वाचकाला ती परकी नाही. जुन्या संगणकांत प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने साठवले जाई आणि कोणता क्रमांक म्हणजे कोणते अक्षर, हे ज्या तक्त्यावरून ठरे त्याला 'कोड पेज' म्हणत. विंडोजमध्ये जपानीसाठी ९३२, चीनमधील सोप्या चिनी लिपीसाठी ९३६, कोरियनसाठी ९४९ आणि तैवानमधील पारंपरिक चिनीसाठी ९५० क्रमांकाचा तक्ता होता. जुन्या धाटणीच्या आज्ञावलींसाठी संपूर्ण यंत्राला एका वेळी यांपैकी एकच तक्ता लागू होई. तेव्हा कोरियन तक्ता लावलेल्या संगणकावर जपानी खेळ उघडला, की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे, आणि कधी फाइलींची नावेच न ओळखल्याने खेळ सुरूही होत नसे. यंत्राचा तक्ता न बदलता एखाद्याच कार्यक्रमाला हवा तो तक्ता भासवणारे 'ॲपलोकेल' हे साधन मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या काळात दिले, ते याच दुखण्यावर. ज्यांनी 'श्रीलिपी'त टंकलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडून इंग्रजी अक्षरांचा चिवडा पाहिला आहे, त्यांना हा अनुभव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मुळातले क्रमांक तेच, पण वाचणारा तक्ता दुसरा, एवढाच दोन्हींचा अर्थ.

साम्य येथे थांबते. जपानी, कोरियन आणि चिनी लिपींना विंडोजमध्ये अडचणीचा का होईना, पण स्वतःचा तक्ता मिळाला होता. देवनागरीला तसा चालू तक्ता कधीच मिळाला नाही. भारतीय लिपींसाठीचे 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये ठरले आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यावर मोलाचे काम केले, तरी खेळ तयार करणाऱ्या परदेशी कंपन्या ज्या पायावर उभ्या होत्या, त्यात ते बसले नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती थेट युनिकोडच्या, म्हणजे जगातील सर्व लिपींसाठी असलेल्या एकाच तक्त्याच्या वाटेने, आणि तिच्याबरोबर रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखलेला 'मंगल' हा फॉन्ट आला. मधल्या दशकात खेळांच्या जपानी, कोरियन, पोलिश, रशियन आवृत्त्या निघत राहिल्या. मराठी आवृत्ती काढावी असे कोणाच्या मनात आले असते, तरी तिची अक्षरे ठेवायला जागाच नव्हती, ही वस्तुस्थिती मराठीच्या संगणकीय इतिहासात अधिक ठळकपणे नोंदवली जायला हवी.

भारतात 'प्रादेशिक आवृत्ती' हा शब्द घरोघरी पोचला तो मोबाइलच्या एका खेळामुळे. 'पब्जी मोबाइल'सह ११८ ॲपवर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली बंदी घातली. त्यानंतर दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने खास भारतासाठी काढलेली 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' ही आवृत्ती २ जुलै २०२१ रोजी आली. तीही २८ जुलै २०२२ रोजी दुकानांतून हटली आणि मे २०२३ मध्ये काही अटींसह परतली. या आवृत्तीत रक्ताचा रंग हिरवा ठेवण्याची सोय आहे आणि अल्पवयीनांच्या खेळण्याला दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. जर्मनीने तीन दशकांपूर्वी जे करायला लावले, त्याच जातीचा हा बदल आहे.

येथे अँड्रॉइडची नामपद्धती पाहण्यासारखी आहे. प्रत्येक ॲपला एक अद्वितीय 'पॅकेज नाव' असावेच लागते. जागतिक आवृत्तीचे नाव 'कॉम डॉट टेन्सेंट डॉट आयजी', कोरियन-जपानी आवृत्तीचे 'कॉम डॉट पब्जी डॉट केआरमोबाइल' आणि भारतीय आवृत्तीचे 'कॉम डॉट पब्जी डॉट आयमोबाइल' असे आहे. पडद्यावरची चित्रे सारखी दिसली, तरी नावे वेगळी असल्याने एकीची नोंद दुसरीवर चढत नाही आणि प्रत्येकीचा साठाही वेगळा राहतो. रांजणगाव गणपती आणि रांजणगाव सांडस यांतला फरक येथे प्रणालीनेच सक्तीचा केला आहे. संगणकावर मोबाइलचे वातावरण उभे करणाऱ्या 'एम्युलेटर' या आज्ञावलीतही, उदाहरणार्थ टेन्सेंटच्या 'गेमलूप'मध्ये, वेगवेगळ्या देशांच्या आवृत्त्या याच कारणाने शेजारी शेजारी राहू शकतात. भारतीय आवृत्ती एम्युलेटरवर खेळण्यास मात्र कंपनीची मान्यता नाही, आणि बंदी असलेली आवृत्ती आडवाटेने मिळवून बसवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे असले तरी ते सरकारी आदेशाला बगल देणे आहे. शिवाय अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या फाइलीतून घरच्या संगणकात काय शिरेल, याची हमी कोणी देत नाही.

भारतीय आवृत्ती म्हणजे भारतीय भाषेतील आवृत्ती, असे मात्र समजता येत नाही, कारण प्रदेशाची ही वाटणी बाजारपेठेची आहे, बोलीची नाही. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या पौराणिक वातावरणातील खेळाला २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज मिळाला, आणि त्यासाठी खेळाची दुसरी प्रत बसवावी लागली नाही, खेळात एक पर्याय वाढला. ही पद्धत अधिक चांगली आहे. १९९९ च्या 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्येही पडद्यावरचा मजकूर मूळ आज्ञावलीपासून अलग काढून भाषेच्या एका स्वतंत्र फाइलीत ठेवलेला होता, त्यामुळे तेवढी फाइल बदलून खेळाडूंना तोच खेळ दुसऱ्या भाषेत वाचता येत असे. त्याच खेळाच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक भाषेसाठी दोन अक्षरांच्या नावाचा फोल्डर आहे, आणि 'एचआय' नावाच्या फोल्डरमध्ये हिंदी मजकूर आहे. मराठीसाठी आंतरराष्ट्रीय मानकात 'एमआर' ही दोन अक्षरे केव्हाच ठरलेली आहेत; त्या नावाचा फोल्डर तेथे नाही.