भाग ७ : आवाजाचा नॉब खरखरतो तेव्हा

मागच्या भागात आपण वॉकीटॉकीच्या बॅटरीबद्दल बोललो. आज तिच्या डोक्यावरचा गोल नॉब. फिरवला की खर्रर्र होतं, आवाज मध्येच गायब होतो, नॉब एका बाजूला दाबून धरला की परत येतो. ओळखीचं वाटतंय ना?

मी बोलतोय चेन्नईतून, आणि इथे हा दोष किरकोळ नाही. डिसेंबर २०१५च्या पुरात अनेक भागांत वीज गेली, मोबाइल बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनी वायरलेसवरून निरोप पोचवले. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबरला, वरदा चक्रीवादळ आलं आणि फोन पुन्हा मुके झाले. अशा वेळी सेट हातात आहे, बॅटरी भरलेली आहे, पण निरोपातला घर नंबरच नेमका खरखरीत बुडाला, तर उपयोग काय? शिवाय बऱ्याच सेटमध्ये चालू-बंदचा स्विचही याच नॉबखाली असतो. तो बिघडला की अख्खा सेटच बंद.

आता नॉबखाली काय असतं ते बघू. तिथे असतो पोटेन्शिओमीटर. दुकानात नुसतं ‘पॉट’ म्हटलं तरी कळतं. घोड्याच्या नालेच्या आकाराची कार्बनची पट्टी, आणि तिच्यावरून सरकणारी धातूची बारीक पाती. पाती जिथे टेकते, त्यावर आवाज किती जायचा ते ठरतं. समुद्राकाठची हवा खारी आणि दमट. ती आत शिरली की पातीवर गंजाचा पातळ थर बसतो, त्यावर धूळ चिकटते. पाती क्षणभर पट्टीपासून सुटते आणि आपल्याला खरखर ऐकू येते. गंमत म्हणजे, रोज फिरणारा नॉब घासून घासून स्वतःला साफ ठेवतो. कपाटात जपून ठेवलेला सेट मात्र ऐन वेळी दगा देतो.

उघडण्याआधी तपासा. सेट चालू करून मॉनिटरचं बटण दाबून धरा. एकसारखा ‘सूंऽऽ’ असा आवाज येईल. आता नॉब अगदी हळू फिरवा. सगळीकडे खरखर असेल तर बहुधा घाण. ठरावीक एकाच जागी आवाज तुटत असेल तर पट्टी झिजलेली. नॉब बाजूला रेटल्यावरच फरक पडत असेल तर बोर्डावरचं सोल्डर सुटलंय, ज्याला आपले मेकॅनिक ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. आणि नॉब नुसताच गरगर फिरतोय, आवाज बदलत नाही? मग नॉब उपसून आतला दांडा बोटांनी फिरवा. आवाज बदलला तर पॉट ठणठणीत आहे, फक्त प्लॅस्टिकचा नॉब बदलायचा.

घाण असेल तर सफाई. आधी बॅटरी काढा, हे विसरायचं नाही. नॉब उपसा, नट आणि स्क्रू सोडवून बोर्ड अलगद बाहेर घ्या. वायरी ओढू नका. पॉटच्या बाजूच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचे एक-दोन थेंब सोडा. दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. पेट्रोल, रॉकेल किंवा बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे नको. तेलावर धूळ जमते आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

तरीही आवाज तुटतोय? मग मल्टिमीटर घ्या. मीटरचा आकडा खरा यावा म्हणून पॉट बोर्डावरून सोडवून मोजायचा. कडेच्या दोन पायांमध्ये आकडा स्थिर राहायला हवा. मधला पाय आणि एक कड यांच्यामध्ये, दांडा फिरवताना, तो सरळ चढायला किंवा उतरायला हवा. मध्येच उडी मारली तर पॉट बदलायचा.

नवा पॉट चेन्नईत रिची स्ट्रीटला मिळतो. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड गाठावा. जुना पॉट खिशात घेऊनच जा, कारण दांड्याची लांबी, पायांची जागा, स्विच, सगळं जुळावं लागतं. त्यावरचं अक्षरही वाचा. सहसा ‘ए’ म्हणजे आवाजासाठीचा, ‘बी’ म्हणजे सरळ चढणारा. आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती कितीतरी पट वाढावी लागते. ‘ए’ पॉट तसाच बनवलेला असतो. चुकून ‘बी’ बसवलात तर पाव फेऱ्यातच सेट किंचाळेल आणि पुढे फिरवून काही वाढणार नाही.

बंद करताना रबरी गॅस्केट नीट खाचेत बसवा. ते दुमडलं तर पुढच्या पावसात पाणी त्याच वाटेने आत. मग पुन्हा मॉनिटरवर तो ‘सूंऽऽ’ ऐका. बोलायचं बटण मात्र अँटेना लावल्याशिवाय दाबू नका. आणि हॅमचा सेट असेल तर परवाना असेल तरच दाबा.

शेवटचं एक. आपण छत्र्या मे महिन्यात काढतो, पण चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्याच्या तोंडावर येते खंडेनवमी, इथली आयुधपूजा. वर्कशॉपमधली सगळी हत्यारं त्या दिवशी पुसली जातात. त्या पाटावर तुमचाही सेट ठेवा. हळदकुंकू नॉबपासून जरा लांबच लावा, आणि त्याआधी नॉब दहा वेळा फिरवून घ्या. पूजा त्यातच झाली.

पुढच्या भागात अँटेना. तोवर सगळ्यांना, हॅमच्या भाषेत, ७३!