नाव सांगा, पण सातच अक्षरांत!

मेनफ्रेम नावाचा कपाटाएवढा संगणक तुम्ही बहुधा पाहिला नसेल. पण मोठमोठ्या बँकांचे हिशेब तोच रात्रंदिवस सांभाळतो. त्याच्याकडून काम करून घ्यायचं, तर आधी आपला यूजर आयडी सांगावा लागतो. आणि इथे हा पठ्ठ्या भलताच हट्टी! आयबीएमच्या मेनफ्रेमवर टीएसओ या प्रणालीतून काम करणाऱ्यांचा आयडी वर्षानुवर्षं जास्तीत जास्त सात अक्षरांचा असायचा. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि @, #, $ एवढंच चालायचं. सुरुवात मात्र आकड्यानं करायची नाही.

सातच का बरं?

चला १९६४ सालात. तेव्हा आयबीएमनं सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका आणली. तिच्यात एका अक्षराला एक बाइट जागा लागे आणि आठ बाइट मिळून एक मोठा कप्पा होई. मेमरी तर सोन्याच्या भावाची! मॉडेल ३० हा त्या मालिकेतला धाकटा भाऊ अवघ्या ८१९२ बाइटांवरही मिळायचा. तुमच्या फोनमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. मग नावांवर जागा कोण उधळणार? फायलींच्या नावाचा एकेक तुकडा जास्तीत जास्त आठ अक्षरांचा, कामाचं नावही तेवढंच.

मग आयडीचं आठवं अक्षर कुठे गेलं? ही युक्ती मला फार आवडते. मेनफ्रेमवरच्या कामाला ‘जॉब’ म्हणतात. टीएसओवरून जॉब पाठवताना त्याला आपलाच आयडी द्यायचा आणि शेवटी एक अक्षर जोडायचं. पहिल्या जॉबला ए, दुसऱ्याला बी. नुसतं नाव वाचलं की कळतं, हा जॉब कुणाचा आणि कितवा! आठवी जागा त्यासाठीच राखलेली.

पुढे मेमरी स्वस्त झाली, तरी मर्यादा तशीच राहिली. कारण जुने प्रोग्रॅम नव्या मेनफ्रेमवरही चालायलाच हवेत, आणि त्यांतल्या कितीतरी प्रोग्रॅमनी नावासाठी सातच घरं आखलेली. एक घर वाढवायचं, तर पुढचं सगळंच सरकतं.

अखेर २०१७ साली आयबीएमच्या झेड/ओएस २.३ या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आठ अक्षरांचा आयडी चालू लागला. एका अक्षरानं काय होतं म्हणता? ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत लिहा: डी, एन, वाय, ए, एन, ई, एस, एच आणि पुढची तीन. सातावर तोडलं तर होतो ‘ज्ञानेस’. आठ मिळाली की झाला ज्ञानेश!