बुरशीखालचा डिस्को

व्हीएचएस कॅसेटच्या अंगावर एक पारदर्शक खिडकी असते. लोणावळ्यातल्या घरातून आलेली कॅसेट हातात पडली की मी लेबल नंतर वाचतो, आधी ती खिडकी उजेडाकडे तिरकी धरतो. आत गुंडाळलेली टेप काळीभोर आणि एकसारखी चमकत असेल तर कॅसेट वाचली. काठावर पिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी.

तुंगार्ली, वळवण, खंडाळा या भागातल्या कॅसेटांवर बहुतेक वेळा बुरशीच निघते. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनपासून चार महिने ढग घरातून ये-जा करतात, कपाटातल्या चामड्याच्या चपलांना आणि पुस्तकांच्या बांधणीला बुरा येतो, तिथे कॅसेट काय टिकणार? कामशेत मागे टाकून वडगाव-तळेगावकडे निघालं की पाऊस झपाट्यानं उतरतो, आणि तिथल्या माळ्यांवरच्या कॅसेटाही त्या मानाने धडधाकट निघतात. एकाच मावळ तालुक्यात, एकाच वर्षी विकत घेतलेल्या दोन कॅसेटांचं नशीब पावसाच्या रेषेनं ठरलेलं मी पाहिलं आहे.

जुन्या कॅसेटा साफ करून त्यांची संगणकावर नक्कल करून ठेवणं हे माझं गेल्या काही वर्षांचं काम. लग्नं, मुंजी, एकसष्ट्या सगळं येतं आणि सगळं मनापासून करतो. पण ‘इंग्लिश साँग्ज, पुसू नये’ किंवा नुसतं ‘डिस्को’ असं लिहिलेली, १९८१ ते ८४च्या दरम्यानची कॅसेट आली की मी बाकीचं काम बाजूला ठेवतो. टीव्हीवरच्या पॉप गाण्यांचा तो काळ आमच्या घाटमाथ्यावर दोन वाटांनी आला. एक वाट दूरदर्शनची. दुसरी मुंबईकरांच्या बंगल्यांची: ज्यांच्याकडे लोणावळ्यात बंगला होता त्यांच्याकडे बऱ्याचदा व्हीसीआरही होता, आणि विलायतेत किंवा आखातात कुणी ना कुणी नातेवाईक होता. तो तिकडच्या टीव्हीवरचे कार्यक्रम टेप करायचा आणि सुट्टीत येताना कॅसेटा बॅगेत घालून आणायचा.

या वाटेला एक तांत्रिक योगायोग उपयोगी पडला. ब्रिटन आणि भारत, दोन्हीकडे रंगीत टीव्हीची पद्धत ‘पाल’: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. लंडनमध्ये बीबीसीवरून टेप केलेलं ‘टॉप ऑफ द पॉप्स’ तुंगार्लीतल्या व्हीसीआरवर रंगांसकट जसंच्या तसं दिसायचं. अमेरिकेतून आलेली कॅसेट मात्र ‘एनटीएससी’ पद्धतीची. ती इथल्या मशिनवर लावली की चित्र वर-खाली लोळायचं. म्हणून इथल्या कपाटांत त्या काळातलं ब्रिटन सापडतं, अमेरिका फारशी नाही. १ ऑगस्ट १९८१ला तिकडे एमटीव्ही सुरू झालं, जगभरच्या लेखांत त्याचंच कौतुक असतं. मावळाला त्याचा पत्ता कितीतरी उशिरा लागला.

कॅसेटा साफ करायचं काम पावसाळ्यात करता येत नाही. चांगल्या व्हीसीआरमध्ये दवाचा एक सेन्सर असतो. हवेतली वाफ टेप वाचणाऱ्या आतल्या ड्रमवर धरली की तो मशिन चालूच होऊ देत नाही, कारण ओल्या ड्रमला टेप चिकटून फाटते. जुलैत आमच्याकडे त्या सेन्सरचा दिवा विझतच नाही. पावसात आलेल्या कॅसेटा मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवून देतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कामाला लागतो.

आधी मास्क. बुरशीचे कण नाकात गेले तर आठवडाभर छाती भरलेली राहते. मग कॅसेट पालथी घालून पाच स्क्रू काढायचे आणि वरचं झाकण अलगद उचलायचं. आत दोन चाकं, चिमुकल्या स्प्रिंगा, एकदोन रूळ असतात. एखादी स्प्रिंग उडाली की अर्धा तास फरशीवर रांगायचं. मग टेपेचं मोकळं टोक हातानं हळूच ओढून पाहायचं. वेढा सहज सुटला तर ठीक. चिकटला असेल तर जबरदस्ती करायची नाही, पुन्हा डब्यात, पुन्हा सिलिका. टेप म्हणजे पॉलिएस्टरची अर्धा इंच रुंद पट्टी, तिच्यावर चुंबकीय भुकटीचा थर. गाणं त्या थरात असतं, आणि ओढाताण झाली की थरच सुटून येतो.

पुसण्यासाठी ड्रम काढून टाकलेला एक जुना व्हीसीआर आहे. तो फक्त टेप एका चाकावरून दुसऱ्यावर गुंडाळतो. वाटेत दोन्ही बाजूंनी धागे न सुटणारं मऊ कापड धरायचं, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर टेप असते. ती सगळी बोटांच्या चिमटीतून जाते. कापडावर आधी पांढरं, मग करडं येतं. तपकिरी आलं की थांबायचं, कारण तो टेपेचा थर असतो. हे मला तळेगावच्या एका टीव्ही मेकॅनिक काकांनी शिकवलं. ते म्हणायचे, “अहो, घाई करू नका. चाळीस वर्षं थांबलीय ती, अजून एक दिवस थांबेल.” व्हीसीआरचा ड्रम साफ करायची त्यांची रीतही मी सोडलेली नाही: ओला कपटा ड्रमला नुसता टेकवून धरायचा आणि ड्रम हातानं फिरवायचा. कपटा वर-खाली घासला तर ड्रमवरच्या इवल्याशा हेडचा तुकडा पडतो, आणि नवीन हेड आता मिळत नाही.

मग खरी कॅसेट चांगल्या मशिनमध्ये. ड्रम सेकंदाला पंचवीस फेऱ्या घेऊ लागतो, एक बारीक शीळ ऐकू येते, पडद्यावर आधी मुंग्या, आणि मुंग्यांतून माणसं वर येतात.

ती माणसं! मी ती गाणी इतक्या हळू आणि इतक्या वेळा पाहिली आहेत की गाण्यापेक्षा कॅमेऱ्याचं वागणंच जास्त ओळखीचं झालं आहे. त्या काळच्या स्टुडिओ कॅमेऱ्यांत नळी असायची. झगझगीत दिव्यावरून कॅमेरा फिरला की दिव्यामागे उजेडाची शेपटी ओढली जाते आणि मग विरते. ढोलकऱ्याच्या झांजेवर दिवा चमकला की तिलाही शेपूट फुटतं. लाल रंग व्हीएचएसला कधीच झेपला नाही. लाल जाकीट घातलेला गायक हलला की त्याचा लाल रंग त्याच्या बाहीबाहेर सांडतो. एक एक चित्र थांबवत गेलं की आणखी एक गोष्ट दिसते. बहुतेक वादक वाजवत नाहीत. गिटारला वायर नसते, झांज हलते पण तिचा आवाज गाण्यात आधीच भरलेला असतो. गाणं रेकॉर्डवरून वाजतंय आणि मंडळी ओठ हलवताहेत.

काही जण याला फसवणूक म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. पार्श्वगायन ऐकत आणि पाहत वाढलेल्या आपल्या देशात तरी तसं म्हणू नये. गळ्याचं काम आधी झालेलं असतं. टीव्हीवर उरतं ते चेहऱ्याचं, खांद्याचं, नजरेचं काम, आणि ते तीन मिनिटांत, अनोळखी स्टुडिओत, कोणत्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलाय ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत करायचं असतं. सप्टेंबर १९८२मध्ये ‘कल्चर क्लब’ बँडचा गायक बॉय जॉर्ज ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर पहिल्यांदा आला. वेण्या, रंगवलेले डोळे, सैल झगा. तो जवळजवळ नाचतच नाही. मान किंचित कलती करून कॅमेऱ्याकडे बघतो आणि सगळं काम तिथेच होतं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या ब्रिटनमध्ये त्याचीच चर्चा होती. तो तुकडा खंडाळ्यातल्या एका कॅसेटवर निघाला, तेव्हा मी तो पुढे ढकलूच शकलो नाही.

आणि नाझिया हसन. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये वाढलेली मुलगी. ‘कुर्बानी’तल्या तिच्या गाण्यानं १९८०मध्ये आपल्याकडे धुमाकूळ घातला, त्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी भाऊ झोहेबबरोबर ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला, संगीत मूळच्या बंगळुरूच्या बिड्डू यांचं. पाकिस्तान टीव्हीवरचं त्या दोघांचं गाणं दुबईमार्गे आलेल्या एका कॅसेटवर आहे, नकलेची नक्कल, रंग फिकट. दोघं जागच्या जागी डुलतात. ती हसते ते थोडं लाजून. तिकडे तेव्हा जनरल झियांची राजवट होती, टीव्हीवरच्या नाचगाण्यावर बंधनं होती. या तुकड्यात कॅमेरा कमरेखाली जवळपास जातच नाही. तेवढ्या चौकटीत, फक्त खांदे आणि मान वापरून, त्या मुलीनं जे उभं केलं ते आजच्या कितीतरी झगमगीत व्हिडिओंपेक्षा मला मोठं वाटतं. २०००च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ती गेली.

दूरदर्शनचे तुकडे वेगळेच. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यासाठी सिंहगडावरून प्रक्षेपण आलं. लोणावळा या दोन्हींच्या मध्ये, दोन्हीकडून पन्नास ते सत्तर किलोमीटरांवर, आणि दोन्ही बाजूंना डोंगर. काही घरांच्या अँटेना मुंबईतल्या वरळीकडे तोंड करून, काही सिंहगडाकडे. एक जण छपरावर, एक खिडकीत, एक टीव्हीसमोर: “आलं का?” “आलं, आलं... गेलं!” सिनेमातल्या गाण्यांचा ‘छायागीत’ कार्यक्रम लागायच्या आधी ही हाकाटी वाडीवाडीत असायची. ‘छायागीत’मधलं रंगीत सिनेमातलं गाणं काळंपांढरं दिसलं तर तो तुकडा जुना. १५ ऑगस्ट १९८२ला दूरदर्शनवर रंग आला आणि मग हळूहळू पसरला. लेबलवर तारीख नसली की मी या खुणेचा आधार घेतो.

इथल्या टेपांवर माणसाच्या उजव्या बाजूला त्याचीच एक फिकट प्रत दिसते. तेव्हा सगळे म्हणायचे, “घोस्ट येतंय.” अँटेनाकडे थेट आलेल्या लहरींच्या मागून डोंगरावर आपटून आलेली लहर उशिरा पोचते, तिचं हे चित्र. उशीर किती, ते पडद्यावर मोजता येतं. चित्राची एक रेष काढायला ५२ मायक्रोसेकंद लागतात, आणि लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. म्हणजे पडद्याची पूर्ण रुंदी साडेपंधरा किलोमीटरांच्या जादा प्रवासाएवढी. एका गायिकेची फिकट प्रत पडद्याच्या दहाव्या भागाइतकी सरकलेली होती. त्या लहरीनं दीड किलोमीटरचा वळसा घेतला होता. तो वळसा नागफणीच्या डोंगराचा होता की लोहगडाच्या बाजूचा, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण त्या संध्याकाळचा एक डोंगर त्या टेपेवर गाण्याबरोबर उमटलेला आहे, एवढं नक्की.

म्हणूनच कुणी म्हणालं, “ही गाणी आता इंटरनेटवर याहून स्वच्छ मिळतात, कशाला एवढा खटाटोप?” तर माझं उत्तर ठरलेलं आहे. इंटरनेटवर गाणं मिळतं. ते इथे कसं पाहिलं गेलं, ते फक्त इथल्या टेपेवर आहे. गाण्याच्या मधेच कुणीतरी घाईनं बटण दाबल्याचा खटका. ‘पुसू नये’ म्हणून कॅसेटचा छोटा तुकडा तोडून केलेल्या खाचेवर पुन्हा सेलोटेप चिकटवून केलेलं नवं रेकॉर्डिंग, आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर काही क्षण वाहणारे इंद्रधनुषी पट्टे. एका कॅसेटवर डिस्कोच्या मध्यातून थेट मंगलाष्टकं सुरू होतात. मी तो सांधा कापत नाही.

एक शोध मात्र अजून लागलेला नाही. नंदू भेंडे. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मधला ज्युडास, जब्बार पटेलांनी बसवलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’तला दमदार गळा, ‘डिस्को डान्सर’मधल्या कृष्णाच्या गाण्याचा आवाज. मराठी घरातून रॉक गाणारा असा माणूस त्या काळात दुसरा शोधून सापडणार नाही. २०१४मध्ये ते गेले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं त्यांचं गाणं, टीव्हीवरचं असो की कुणी टेप केलेल्या मंचावरचं, एखाद्या घरच्या कॅसेटवर असेल असं मला सारखं वाटतं. तेव्हा टेप महाग होती, टीव्ही केंद्रांतही जुनं पुसून त्यावर नवं रेकॉर्ड व्हायचं. जे तिथे उरलं नाही ते एखाद्या कपाटात उरलेलं असू शकतं.

वेळ थोडा आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६मध्ये थांबली. आता जुनीच मशिनं शोधून चालवावी लागतात. तेव्हा आपल्या माळ्यावर, बंगल्याच्या कपाटात कॅसेटा असतील तर कृपा करून एवढं करा. भंगारात देऊ नका. खिडकी उजेडाकडे धरून पाहा. पांढरं दिसलं तर ती मशिनमध्ये घालूच नका, एका कॅसेटची बुरशी मशिनवाटे पुढच्या सगळ्या कॅसेटांना लागते. आडवी रचू नका, पुस्तकासारखी उभी ठेवा, कोरड्या डब्यात. लेबल पुसट झालं असलं तरी काढू नका. आणि पुढच्या पावसाळ्याच्या आधी कुणा जाणकाराकडून तिची नक्कल करून घ्या.