इंधनाचा दाब : मोटारीच्या इंजिनाची नाडीपरीक्षा

हैदराबादच्या काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. 1956 मध्ये राज्यपुनर्रचना होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यापासून वेगळे झाले, तरी उमरगा, उदगीर, देगलूर या भागांशी असलेले सोयरसंबंध तुटले नाहीत. लग्नकार्य, शेतीची वाटणी, घरचे आजारपण अशा निमित्ताने ही ये-जा चालूच असते.

समजा, मे महिन्यात बरकतपुऱ्याहून एक जुनी पेट्रोल मोटार उमरग्याकडे निघाली आहे. शहरात ती नीट चालली. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर मात्र चढावर आचके देऊ लागली आणि मालमोटारीला मागे टाकत असता ऐन वेळी तिचा जोर गेला. असा प्रसंग जिवावर बेतू शकतो. पुढे दुरुस्तीच्या ठिकाणी प्रथम प्लग बदलले जातात, मग कॉइल, शेवटी पेट्रोलचा पंप. हजारो रुपये खर्च होतात आणि दोष जागच्या जागी राहतो. याचे कारण एकच. इंजिनास इंधन कोणत्या दाबाने मिळत आहे, हे कोणी मोजलेलेच नसते.

दाब कशासाठी?

ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्यास हा विषय नवा नाही. पंप चालू असूनही दाब कमी असेल, तर शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोहोचत नाही. मोटारीतही इंधनाची टाकी, पंप, गाळणी, नळी व इंजेक्टर अशीच साखळी असते. ठिबकातील तोटीऐवजी येथे इंजेक्टर असतो. तो क्षणभर उघडतो आणि इंधनाचा बारीक फवारा सोडतो.

जुन्या अँबॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. त्यास फक्त तीन ते पाच पौंड दाब पुरे होई. टायरमध्ये आपण साधारण तीस पौंड हवा भरतो, यावरून हा दाब किती अल्प होता हे ध्यानी येईल. दाब अल्प असल्याने उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा खुंटत असे. म्हणूनच चालक पंपावर ओले फडके गुंडाळीत. इंजेक्टरच्या गाड्यांत पंप टाकीतच बसविलेला असतो आणि दाब सामान्यतः तीन ते चार किलोग्रॅम, म्हणजे त्रेचाळीस ते सत्तावन्न पौंड असतो. दाब वाढला की द्रवाची वाफ होण्यास अधिक उष्णता लागते. त्यामुळे ओल्या फडक्याची गरज संपली, परंतु दाब राखण्याची जबाबदारी वाढली.

येथे एक गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. दाब निम्मा झाला म्हणजे फवारा निम्मा होत नाही, तर सुमारे सत्तर टक्के राहतो. गाडीतील संगणक ही तूट ओळखतो आणि इंजेक्टर अधिक वेळ उघडा ठेवून ती भरून काढतो. म्हणून संथ गतीत दोष दिसत नाही. चढावर किंवा वेगात इंधनाची मागणी वाढते, संगणकाची ही सोय अपुरी पडते आणि गाडी दम टाकते.

तपासणीचा क्रम

1. चावी फिरवून इंजिन सुरू न करता कान द्यावा. टाकीजवळ दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. आवाजच नसेल, तर प्रथम फ्यूज व रिले पाहावे.

2. दाबमापक जोडावा. काही गाड्यांत इंजेक्टरच्या नळीवर टायरच्या व्हॉल्व्हसारखे तोंड असते. ते नसल्यास योग्य जोडणी वापरून मापक मध्ये बसवावा लागतो. येणारा आकडा त्या गाडीच्या निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. दुसऱ्या गाडीचा आकडा उपयोगी नाही.

3. ज्या गाड्यांत दाबनियंत्रक इंजिनावर असून त्यास निर्वाताची बारीक नळी जोडलेली असते, त्यांत ती नळी काढताच दाब सुमारे अर्ध्या किलोने वाढला पाहिजे. त्या नळीत पेट्रोल आढळले, तर नियंत्रकाचा पडदा फाटला आहे असे समजावे. नियंत्रक टाकीतच असणाऱ्या गाड्यांत दाब बहुधा एकसारखा राहतो.

4. गाडी भाराखाली असताना दाब पाहावा. उभ्या गाडीत बरोबर असलेला आकडा भाराखाली कोसळत असेल, तर गाळणी तुंबली आहे, पंप थकला आहे किंवा पंपास पुरेशी वीज मिळत नाही. ठिबकाच्या गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक वाढला की गाळणी धुवावी लागते, तोच न्याय येथे लागू होतो.

5. इंजिन बंद केल्यावर दाब काही काळ टिकला पाहिजे. तो लगेच उतरत असेल, तर पंपातील झडप, नियंत्रक किंवा एखादा इंजेक्टर गळत आहे. अशी गाडी सुरू करताना सेल्फ बराच वेळ मारावा लागतो.

6. पंप बदलण्यापूर्वी, तो चालू असताना, त्याच्या तारांवर विजेचा दाब मोजावा. तो बॅटरीच्या जवळपास असला पाहिजे. बराच कमी असेल, तर दोष तारेत, रिलेत किंवा अर्थच्या जोडणीत आहे.

दाब अधिक होणे हाही दोषच होय. परतीची नळी तुंबली किंवा नियंत्रक अडकला, तर काळा धूर, पेट्रोलचा वास आणि वाढलेला खर्च ही लक्षणे दिसतात.

दोष का उद्भवतो?

टाकीत सदैव थोडेच पेट्रोल ठेवण्याची सवय पंपास मारक आहे, कारण पंपाची उष्णता पेट्रोलच वाहून नेते. टाकीतील गाळ व पाणी हे दुसरे कारण. 2025 मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि त्यासाठी न बनविलेल्या जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होऊ शकतात. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या वेळोवेळी पाहाव्यात.

सावधगिरी

पेट्रोलची नळी दाबाखाली असताना सोडू नये. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे दाब उतरतो. नंतर बॅटरीची तार काढावी. काम मोकळ्या हवेत करावे. विडी-काडी दूर ठेवावी आणि अग्निशामक जवळ असावा. कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल गाड्यांत दाब दीड हजार किलोच्याही वर जातो. तेथे गळती हाताने चाचपू नये, कारण ती धार कातडी भेदून आत शिरते. तसेच तेथे साधा मापक न लावता दाब संगणकीय यंत्रावरच वाचावा.

बरकतपुऱ्याच्या त्या मोटारीकडे पुन्हा वळू. दाब मोजला असता उभ्या गाडीत तो तीन किलो, तर भाराखाली दीड किलो आला. पंपाच्या तारांवर पावणेचौदाऐवजी केवळ दहा व्होल्ट मिळत होते आणि अर्थची जोडणी गंजलेली होती. ती घासून घट्ट करताच दोष दूर झाला. पंप मुळात निर्दोषच होता.

शासकीय वाहनांचा सांभाळ करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नव्या पंपाची मागणी मान्य करण्यापूर्वी दाबाची व विजेची नोंद मागविल्यास अनाठायी खर्च टळेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या हाती पान्याआधी मापक द्यावा. गाडीच्या मालकानेही एवढाच प्रश्न विचारावा : “दाब किती आला?” ज्या कारागिरास त्याचे उत्तर आकड्यांत देता येते, त्याच्या हाती रुग्णवाहिका असो वा शाळेची गाडी, ती निर्धास्तपणे सोपविता येते.