नितळ पाण्यातले विष

डोंगरातला ओढा म्हटला की डोळ्यांसमोर नितळ, थंडगार पाणी येते. तळाचा गोटा न् गोटा दिसतो आणि आपण सहज म्हणून जातो, किती स्वच्छ पाणी! पण पाण्याची स्वच्छता नुसत्या डोळ्यांना कळत नाही. कधी कधी ती माशाला विचारावी लागते. आज मला अशाच एका नदीची आणि तिच्यातल्या माशाची हकीकत सांगायची आहे.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतात, सुमारे ३,१०० मीटर उंचीवर लेडव्हिल नावाचे गाव आहे. लेड म्हणजे शिसे. गावाच्या नावातच खाण आहे. १८६० मध्ये इथे सोने सापडले. पुढे चांदी, शिसे, जस्त निघाले आणि शंभरावर वर्षे डोंगर पोखरला गेला. याच परिसरात आर्कान्सा नदी उगम पावते. तिच्यात तपकिरी ट्राऊट राहतो. हा मासा थंड, वाहत्या आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातच तग धरतो. इंग्रजांनी काश्मीरच्या नद्यांत आणून सोडला, तोच हा.

खाण बंद पडली की प्रदूषणही थांबते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. अशा खडकांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग असते. जमिनीच्या पोटात दडलेले असते तोवर ते कुणाच्या वाटेला जात नाही. बोगदा खणला की त्याला हवा आणि पाणी मिळते व गंधकाम्ल तयार होते. काही जिवाणू ही क्रिया आणखी वेगाने घडवतात. हे आम्ल खडकातले जस्त, कॅडमियम, तांबे विरघळवून घेते. लेडव्हिलच्या खाणींतले पाणी काढण्यासाठी खणलेल्या याक बोगद्यातून हे पाणी वर्षानुवर्षे ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जात राहिले. त्यातले लोह निदान गंजासारखे तळाशी बसते, म्हणून दिसते. जस्त आणि कॅडमियम मात्र पाण्यात विरघळलेलेच राहतात. पाणी नितळच दिसते.

माशाला त्याचा त्रास कसा होतो? मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, तसेच पाण्यातले क्षारही कल्ल्यांवाटेच शरीरात घेतो. जस्त आणि कॅडमियम तिथे कॅल्शियमची वाट अडवतात, तांबे सोडियमची. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५ मिलिग्रॅम जस्त चालते. ट्राऊटच्या पिल्लांना एका मिलिग्रॅमहून कमी जस्तही जीवघेणे ठरू शकते. बर्फाच्या पाण्यात कॅल्शियम कमी असते, त्यामुळे धोका अधिकच वाढतो. त्यात वेळही वाईट. ट्राऊट शरद ऋतूत अंडी घालतो आणि पिल्ले वसंतात गोट्यांतून बाहेर येतात. नेमके तेव्हाच बर्फ वितळू लागते आणि खाणींतली, ढिगाऱ्यांतली साठलेली धातुद्रव्ये नदीत धुऊन येतात. या नदीतला ट्राऊट एके काळी तीन वर्षांपलीकडे क्वचितच जगत असे.

१९८३ मध्ये अमेरिकी सरकारने हा परिसर अतिप्रदूषित ठिकाणांच्या राष्ट्रीय यादीत घातला. १९९२ च्या सुमारास बोगद्यांच्या तोंडाशी शुद्धीकरण केंद्रे सुरू झाली. यामागचे तत्त्व साधे आहे. पाण्यातले आम्ल मारले की विरघळलेले धातू गाळ होऊन खाली बसतात. चुना हे त्याचे नेहमीचे औषध. नदीकाठी पसरलेल्या, गवताची काडीही न उगवणाऱ्या खनिजाच्या चुऱ्यावर चुना आणि शहरी सांडपाण्यापासून बनवलेले खत मिसळले गेले. हळूहळू तिथे गवत धरले. नदीतले किडे परतले, माशांचे आयुष्य वाढले. २०१४ मध्ये या नदीच्या सुमारे १६४ किलोमीटर पात्राला, मोठ्या ट्राऊटची मुबलकता पाहून, राज्याचा ‘सुवर्णपदक’ दर्जा मिळाला.

इथे गोष्ट संपवावी असा मोह होतो. पण ती संपलेली नाही. डोंगरातले पायराइट अजून तिथेच आहे आणि बोगद्यातून पाणी येतच आहे. केंद्र बंद पडले, तर नदी पुन्हा जुन्या वाटेने जाईल. ज्यांनी चांदी नेली ते केव्हाच गेले. पाणी धुण्याचे काम मात्र पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात आहे, आणि त्याला शेवटची तारीख नाही.

म्हणून मला वाटते, कुठेही नवी खाण निघायची असेल तर किती माल निघेल एवढेच विचारून भागणार नाही. या खडकात गंधकाची संयुगे किती, खाण बंद झाल्यावर तिच्यातले पाणी कुठे जाईल, आणि ते शुद्ध करण्याचा पैसा आजच बाजूला ठेवला आहे का, हेही पहिली कुदळ पडण्याआधी विचारायला हवे. नंतर विचारले, तर उत्तर माशांना द्यावे लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)