किल्ल्या कुणाच्या कमरेला?
(अंदमान-निकोबारची त्रिदल कमांड आणि तिचे प्रमुख)

द्वितीय वर्ष, कला

माझा मामा लष्करात होता. २०१९ साली तो निवृत्त झाला. त्याआधीची त्याची शेवटची नेमणूक पोर्ट ब्लेअरला होती. एकदा सुट्टीवर आला असताना ओसरीवर बसून तो सहज म्हणाला, "आमचा मोठा साहेब नेव्हीचा आहे." आजी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले व विचारले, "तू मिलिट्रीतला, आन् सायेब पाण्यातला? आरं, मग हुकूम कुणाचा चालतो? किल्ल्या कुणाच्या कमरंला?"

मामा नुसता हसला. मी त्या वेळी शाळेत होतो; मलाही हसू आले. पण पुढे कॉलेजात आलो, राज्यशास्त्राचा विषय घेतला, ग्रंथालयात बसू लागलो, तेव्हा ध्यानात आले की शाळेची पायरी न चढलेल्या आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या प्रश्नावर मोठमोठ्या समित्या बसल्या आणि ज्याच्यासाठी संसदेला कायदा करावा लागला, तोच प्रश्न तिने सूप खाली ठेवून विचारला होता. त्याचे उत्तर शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

प्रथम कमांड म्हणजे काय ते पाहू. आपले भूदल, नौदल व हवाईदल ही तीन दले आपापल्या कमांडांत विभागलेली आहेत. भूदलाच्या सात, हवाईदलाच्या सात आणि नौदलाच्या तीन, अशा एकूण सतरा. त्यांपैकी तीन तर महाराष्ट्रातच आहेत. भूदलाची दक्षिण कमांड पुण्याला, नौदलाची पश्चिम कमांड मुंबईला आणि हवाईदलाची मेंटेनन्स कमांड नागपूरला. म्हणजे एकाच राज्यात तीन घरे, तीन कारभारी आणि तीन हिशेबाच्या वह्या. पुण्याचा सेनापती मुंबईच्या युद्धनौकेला हुकूम देऊ शकत नाही. शांततेच्या काळात हे चालून जाते. पण शत्रू काही आपल्या वाटण्या पाहून हल्ला करीत नाही. तो जमिनीवरून, पाण्यावरून व आकाशातून एकदमच येऊ शकतो.

अंदमान म्हटले की आपल्या मराठी मनाला काळे पाणी आणि सेल्युलर जेल आठवते. परंतु नकाशा उघडून पाहिला तर दुसरीच गोष्ट दिसते. ही बेटे चेन्नईपासून व कोलकात्यापासून सुमारे बाराशे किलोमीटर दूर आहेत. उत्तर-दक्षिण त्यांची रांग सातशे किलोमीटरांहून अधिक लांब पसरली आहे. तिचे दक्षिण टोक इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटापासून दोनशे किलोमीटरांच्या आत येते. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जहाजे याच बेटांजवळून जातात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या मार्च महिन्यात, जपानने ही बेटे घेतली आणि १९४५ पर्यंत ती त्याच्या ताब्यात राहिली. असे ठाणे एकट्या भूदलाने राखता येत नाही, कारण चहूकडे पाणी. एकट्या नौदलानेही नाही, कारण मुख्य भूमीवरून तातडीची कुमक यायची ती विमानानेच.

तरीसुद्धा तिन्ही दलांचा एकच प्रमुख नेमण्यास स्वातंत्र्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षे लागली. निमित्त झाले ते १९९९ च्या कारगिल युद्धाचे. त्या युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली. पाठोपाठ मंत्रिगटाने संरक्षणव्यवस्थेचा विचार केला, आणि २००१ साली त्याचा अहवाल आला. तिन्ही दलांनी एकत्र काम करावे, हा त्यातला मोठा धागा होता. त्यानुसार ८ ऑक्टोबर २००१ रोजी अंदमान-निकोबार कमांड अस्तित्वात आली. तटरक्षक दलाचाही तिच्यात समावेश झाला. प्रदेशाची जबाबदारी असलेली ही देशातील पहिली त्रिदल कमांड होय. तिच्या प्रमुखाला कमांडर-इन-चीफ म्हणतात. हे पद एकाच दलाच्या मालकीचे न ठेवता तिन्ही दलांकडे फिरते राहावे, अशी कल्पना होती.

पहिले कमांडर-इन-चीफ झाले व्हाइस ॲडमिरल अरुण प्रकाश. त्यांची निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. ते नौदलाचे वैमानिक. १९७१ च्या युद्धात ते हवाईदलाकडे प्रतिनियुक्तीवर होते. हवाईदलाच्या हंटर विमानातून त्यांनी लढाई केली आणि वीरचक्र मिळविले. म्हणजे गणवेश एका दलाचा आणि पराक्रम दुसऱ्या दलाच्या तुकडीत! पुढे २००४ साली ते नौदलप्रमुख झाले.

या कमांडची खरी कसोटी युद्धाने नव्हे, समुद्राने पाहिली. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी भूकंप झाला व त्सुनामीच्या लाटा आल्या. कार निकोबार येथील हवाईदलाचा तळ उद्ध्वस्त झाला. हवाईदलाचे जवान आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक माणसे तेथे गेली. त्या वेळी कमांडर-इन-चीफ होते भूदलाचे लेफ्टनंट जनरल बी. एस. ठाकूर आणि बेटांचे नायब राज्यपाल होते आपल्या ठाण्याचे माजी खासदार प्रा. राम कापसे. धावपट्टीचा जो भाग वापरता येण्याजोगा उरला होता, त्यावर विमाने उतरू लागली, जहाजे निघाली, जवान ढिगारे उपसू लागले. विमान हवाईदलाचे, जहाज नौदलाचे, फावडे भूदलाचे आणि तांदूळ मुलकी खात्याचा. अशा वेळी 'हे कोणाचे काम?' असे विचारत बसले असते तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

त्यानंतर या खुर्चीवर अनेकजण आले. व्हाइस ॲडमिरल देवेंद्रकुमार जोशी येथून पुढे जाऊन २०१२ साली नौदलप्रमुख झाले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी सिंधुरत्न या पाणबुडीवर दुर्घटना होऊन दोन अधिकारी मृत्युमुखी पडले, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. २०१७ साली ते याच बेटांचे नायब राज्यपाल म्हणून परत आले. हवाईदलाचे एअर मार्शल पी. के. रॉय हेही या पदावर होते. व्हाइस ॲडमिरल बिमल वर्मा या पदावर असतानाच २०१९ साली नौदलप्रमुखपदाची निवड झाली. ते सेवेत ज्येष्ठ असूनही निवड दुसऱ्यांची झाली आणि त्यांनी सैन्यदल न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०२० साली आले ते आपल्या नागपूरचे लेफ्टनंट जनरल मनोज पांडे. एप्रिल २०२२ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. इंजिनिअर्स कोअरमधून त्या पदावर पोचलेले ते पहिलेच अधिकारी. २०२३ मध्ये हवाईदलाचे एअर मार्शल साजू बालकृष्णन आणि २०२५ मध्ये भूदलाचे लेफ्टनंट जनरल दिनेश सिंग राणा यांनी सूत्रे घेतली.

राणा हे अठरावे. म्हणजे २००१ च्या ऑक्टोबरपासून २०२५ च्या जूनपर्यंत सतरा प्रमुख होऊन गेले. मी वहीवर भागाकार करून पाहिला. एकेकाच्या वाट्याला सरासरी जेमतेम सतरा महिने येतात! आपल्या वर्गशिक्षकांची बदली वर्षाच्या मध्यात झाली तरी विद्यार्थ्यांची काय तारांबळ उडते, हे आपण जाणतो. येथे तर सातशे किलोमीटरांची बेटे, तीन दलांच्या तीन रीती आणि चहूबाजूंचा समुद्र समजून घ्यायचा असतो. तो समजेपर्यंत निरोपसमारंभाची वेळ येते. खुर्ची फिरती ठेवण्यात न्याय आहे, हे खरे. पण न्यायाने वाटलेली खुर्ची आणि नीट चाललेला कारभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याहून मोठी अडचण मात्र आजीच्या किल्ल्यांचीच होती. भूदल, नौदल आणि हवाईदल यांचे कायदे वेगवेगळे आहेत. संयुक्त संस्थेचा प्रमुख एका दलाचा असला, तर दुसऱ्या दलाच्या माणसावर शिस्तभंगाची कारवाई करण्याचा पुरेसा अधिकार त्याला नसे. अशा माणसाला कारवाईसाठी त्याच्या मूळ दलाकडे परत धाडावे लागे. म्हणजे हुकूम देणारा एक आणि जाब विचारणारा दुसरा! चूक झाली तर कोणी कोणाकडे बोट दाखवावे?

ही अडचण आपल्याच वाट्याला आली असे नव्हे. इराणमध्ये अडकलेले आपले लोक सोडविण्याची अमेरिकेची मोहीम १९८० साली फसली. त्यांच्या दलांचा परस्परांत मेळ नव्हता, हे तिच्यात उघड झाले. १९८६ साली त्यांनी गोल्डवॉटर-निकोल्स कायदा करून संयुक्त कमांडच्या प्रमुखांचे अधिकार वाढविले. सलोखा नुसत्या सदिच्छेने येत नाही, त्याला कायद्याचा आधार लागतो, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडेही पावले पडली, पण हळूहळू. अंदमानचा कमांडर तिन्ही दलप्रमुखांच्या समितीच्या अध्यक्षाला जबाबदार असतो. पूर्वी तिघांतला ज्येष्ठ दलप्रमुख आपले काम सांभाळून ते अध्यक्षपद भूषवीत असे. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत हे पहिले संरक्षण दलप्रमुख झाले व त्या समितीला कायमचा अध्यक्ष मिळाला. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर अपघातात त्यांचे निधन झाले. मग आपले मराठी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्याकडे अध्यक्षपदाची धुरा आली. संरक्षण दलप्रमुखाची जागा पुढे ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत, जनरल अनिल चौहान येईपर्यंत, रिकामीच होती. अखेर २०२३ साली संसदेने संयुक्त सेवा संस्थांच्या प्रमुखांना अधिकार देणारा कायदा संमत केला आणि १० मे २०२४ पासून तो अमलात आला. कमांडर कोणत्याही दलाचा असो, हाताखालच्या तिन्ही दलांच्या माणसांवर त्याला शिस्तीचे अधिकार मिळाले. जवानांच्या मूळ सेवाशर्ती मात्र त्याने बदलल्या नाहीत.

कोणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थ्याला या सैनिकी उठाठेवी कशाला? त्याला कारण आहे. माझा मामेभाऊ रोज पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर भरतीसाठी धावतो. आमच्या भागात घरटी एकजण असा धावत असतो. उद्या तो एखाद्या बेटावर उभा असेल, तेव्हा त्याला हुकूम देणाऱ्याचा गणवेश पांढरा, निळा की हिरवा, याला आमच्या घरी फारसे महत्त्व नाही. हुकूम देणाऱ्याने त्याच्या जिवाची जबाबदारीही घ्यावी, एवढेच आम्हांला हवे आहे. अधिकार एकीकडे व जबाबदारी दुसरीकडे अशी फारकत झाली की तिची किंमत सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस चुकवितो.

दिवाळीच्या सुट्टीत हे सारे मी आजीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजे सून घरात आणून तेवीस वर्सं झाली, आन् किल्ल्या परवा दिल्या म्हन की!"

मी म्हटले, "होय आजी, तसेच झाले खरे."

कमरेच्या किल्ल्या चाचपीत ती म्हणाली, "मग आता घराचा हिसाबबी तिलाच इचारा. आन् वरीस-दीड वरसात तिला म्हायेरी धाडू नगा."

एवढ्या समित्यांचे अहवाल धुंडाळून मी जिथे येऊन पोचलो, तिथे आजी तांदूळ निवडता निवडता कधीच जाऊन बसली होती.