योगदर्शन आणि भुकेचा प्रश्न

योग म्हटला की आसने व प्राणायाम डोळ्यांपुढे येतात. पतंजलींच्या योगसूत्रांत मात्र अष्टांगांचा आरंभ यमांपासून होतो आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह या यमांचा संबंध प्रामुख्याने आपल्या इतरांशी होणाऱ्या व्यवहाराशी आहे. दुसऱ्या पादात हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत : स्वतः केलेली, दुसऱ्याकरवी करविलेली आणि केवळ अनुमोदन दिलेली. शेजारच्या घरी चूल पेटत नाही हे ठाऊक असून जो स्वस्थ बसतो, त्याने कोणाच्या तोंडचा घास काढून घेतलेला नसतो. तरीही त्याचे मौन या तिसऱ्या प्रकाराच्या फार जवळ जाते. हा अर्थ सूत्रकारांनी सांगितलेला नाही, आपण तो काढीत आहोत, हे खरे. पण तो ओढूनताणून काढलेला नाही. परिग्रहाचे दोष सांगताना व्यासभाष्यानेही त्यांत हिंसेची गणना केली आहे. अर्थात अपरिग्रहाचा उपदेश ज्याची कणगी भरलेली आहे त्यालाच करावयाचा असतो; उपाशी माणसाला तो ऐकविणे म्हणजे क्रूर थट्टाच होय.

तत्त्वज्ञानातून अन्नदानाचे संघटित कार्य कसे उभे राहते, याचे एक उदाहरण बंगालमध्ये सापडते. 1896-97 च्या दुष्काळात रामकृष्णांचे शिष्य स्वामी अखंडानंद मुर्शिदाबाद जिल्ह्यातून पायी चालले होते. घरातील एकुलती एक मातीची घागर फुटली म्हणून रडत असलेली एक मुलगी त्यांना वाटेत भेटली. जवळच्या तुटपुंज्या पैशांतून त्यांनी तिला नवी घागर व थोडे पोहे घेऊन दिले. पाहता पाहता भुकेल्या मुलांचा घोळकाच त्यांच्याभोवती जमला. एकट्याच्या पैशांनी हे भागणारे नव्हते. त्यांनी मठाला पत्र लिहिले. तेथून पैसे आले, मदतीला माणसे आली आणि मे 1897 मध्ये महुला या गावी तांदूळवाटप सुरू झाले. रामकृष्ण मिशनची स्थापना त्याच महिन्यात झाली होती. या कार्यामागची प्रेरणा पतंजलींपेक्षा विवेकानंदांनी विवरण केलेल्या कर्मयोगाची अधिक होती, हे येथे नमूद केले पाहिजे. दुष्काळ ओसरल्यावर अखंडानंद निघून गेले नाहीत. अनाथ मुलांना त्यांनी जवळ केले. सारगाछी येथे पुढे स्थिरावलेल्या त्यांच्या आश्रमात मुलांना अक्षरओळखीबरोबर हातांना कामही शिकविले जाई.

आज परिस्थिती निराळी आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये ग्रामीण भागातील 75 टक्क्यांपर्यंत व शहरांतील 50 टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला सवलतीच्या धान्याचा हक्क मिळाला आहे. प्राधान्य कुटुंबांसाठी त्याचे प्रमाण दरमहा माणशी 5 किलो आहे. त्यामुळे आता शेजारधर्माचे काम पुष्कळदा कागदपत्रांचे असते. एखाद्या वृद्धेचे नाव यादीतून का गळले, स्थलांतरित मजुराला परगावी धान्य मिळते की नाही, हे कोणीतरी विचारावे लागते. स्वस्त धान्य दुकानांच्या सामाजिक अंकेक्षणाची तरतूदही याच कायद्यात आहे. त्याचे निष्कर्ष लोकांपुढे मांडणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक आहे.